एक्स-रेत न आलेली दाढ

एक्स-रेत आजूबाजूच्या सगळ्या दाढा आल्या होत्या. जी दुखत होती तेवढीच आली नव्हती.

शर्वरी मगदूमला आधी खटकलं ते मात्र हे नव्हे. तिला खटकलं ते डॉ. शेडबाळ्यांचं 'वा' म्हणणं. खुर्चीशेजारच्या पडद्याकडे बघून ते 'वा, छान' म्हणाले. जी बाजू गणपतीपासून ठणकते आहे तिचा फोटो बघून माणूस छान म्हणतो, म्हणजे कुठंतरी घोटाळा आहे. बरं, ती मुळातच दचकणारी. कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं उलथनं खाली पडायचं. हे सगळ्या मिरजेला ठाऊक असल्यासारखं लोक तिचं दुखणंही दचकण्यातच जमा करत. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती. तिथं तिनं 'हे बी उगवणार नाही' म्हटलं की पोतंच्या पोतं बाजूला काढत. पण 'माझी दाढ दुखते' म्हटलं की 'टेन्शन घेतेस तू फार' एवढंच ऐकायला मिळे.

"डॉक्टर, दुखते ती कुठली यातली?" तिनं विचारलं.

"तेच सांगतोय. ती नाहीच आली."

"आली नाही म्हणजे?"

"म्हणजे हजर नाही." डॉक्टरांनी पेनाचं टोक पडद्यावर ठेवलं. माणूस शांत, समजावून सांगणारा. "हे पांढरंशुभ्र दिसतंय ते दाताचं वरचं कवच. आतलं करडं ते दाताचं अंग. दोन दातांच्या फटीत कीड लागली तर आरशात दिसत नाही, इथं काळा डाग म्हणून दिसते. आणि हे खालचं जाळीदार, ते हाड. तुमचं हाड उत्तम आहे. म्हणून वा म्हणालो."

हाड खरंच उत्तम होतं. दोन दाढांच्या मधे जिथं तिसरी असायला हवी, तिथं ते एखाद्या रिकाम्या प्लॉटसारखं सपाट पसरलं होतं. जणू तिथं कधी काही उगवलंच नव्हतं.

शर्वरीनं आ केला आणि दाढेवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी आरशाच्या दांडीनं दाढेवर टकटक केली. ती खुर्चीतून वीतभर उडाली.

"दुखतं?"

"हो."

"दुखणारच. दाढ तोंडात आहे, याबद्दल माझा काही वाद नाही."

"हलल्या असणार त्या," कुंदाताई म्हणाल्या. कुंदाताई दवाखान्यात नंबर लावत आणि एप्रनही त्याच बांधत. "दचकतात ना."

ती हलली नव्हती. शिशाच्या एप्रनखाली हलायला जागाच कुठं असते. आणि हललीच असती तर सगळाच फोटो पुसट आला असता. तिच्या हलण्यानं एकच दाढ तेवढी वगळली कशी जाईल? हे तिनं बोलून दाखवलं. कुंदाताईंनी ते ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा गळ्याभोवती पट्टा बांधला, डॉक्टरांनी पुन्हा ती गार चकती गालात सरकवली, "चावून धरा, आवंढा गिळू नका" म्हणाले आणि सगळे खोलीबाहेर गेले. यंत्र टीं करून वाजलं. पडद्यावर पुन्हा तोच रिकामा प्लॉट.

मग मोठा एक्स-रे झाला. हनुवटी टेकवून, पुढच्या दातांत खुंटी धरून ती उभी राहिली. यंत्रानं तिच्या डोक्याभोवती देवाला घालावी तशी सावकाश प्रदक्षिणा घातली. वरचे, खालचे, चारी अक्कलदाढांसकट सगळे दात एका रांगेत उभे राहिले. डॉक्टरांनी मोजले. एकतीस.

"रूट कॅनाल करा ना तरी," शर्वरी म्हणाली. "दाढ तर समोर दिसतेय."

"कशी करणार? मुळाच्या आत सुई घालायची, मग एक्स-रे काढून सुईचं टोक मुळाच्या टोकाशी पोचलं का ते बघायचं. कमी पोचलं तर कीड मागं राहते, जास्त गेलं तर हाडात घुसतं. तुमच्या एक्स-रेत सुई हवेत तरंगताना दिसेल."

"मग काढूनच टाका."

"मुळं कशी वळलीत ते न बघता? ताई, ते काय गाजर आहे का?"

शर्वरीला राग यायला वेळ लागत असे. आधी भीती यायची, भीती उठून गेली की मग तिच्या जागेवर राग येऊन बसायचा. आत्ता तो बसला. "म्हणजे दुखणं मी दाखवायचं, दाढ मी दाखवायची, आणि फोटोत आली नाही म्हणून जबाबदारीही माझीच?"

"तुमची म्हणत नाही मी. होतं असं." डॉक्टरांनी हातमोजे काढले. "डाव्या बाजूनं जेवता का?"

"नाही."

"कधीपासून?"

"एकदा गार पाणी लागलं, तेव्हापासून. दोनेक वर्षं झाली असतील."

"मग," डॉक्टर म्हणाले. त्या 'मग'नंतर काही विचारायला जागाच उरली नव्हती. जाता जाता त्यांनी बजावलं, "सूज आली तर थांबायला वेळ नाही. मज्जातंतूपासून फार लांब नाही ती कीड, असं नुसतं बाहेरून बघून वाटतं. पक्कं सांगायला एक्स-रे लागतो."

घरी आईनं एकतीस हा आकडा ऐकला आणि हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली.

मगदुमांच्या घरात बत्तीशीला मान होता. ज्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत त्याच्या तोंडून निघालेलं खरं होतं, हे शर्वरीची आई शाळेत शिकल्यासारखं मानत असे. शर्वरीची शेवटची अक्कलदाढ आली त्याच आठवड्यात ती घरातच राहणाऱ्या मामांना सहज म्हणाली होती, 'मामा, हा स्लॅब गळणार.' स्लॅब गळला. तेव्हापासून ती जेवताना तोंड उघडायला लागली की मामा ताटावरून उठत. घरात तेवढाच काय तो तिचा दरारा.

"तरीच," आई म्हणाली. "परवा तू म्हणालीस पाणी लवकर येईल, आणि आलंच नाही."

"आई, दात बत्तीसच आहेत. मोज हवं तर."

"तोंडातले कोण मोजतंय? कागदावर काय आलंय ते बघायचं." आईनं पोळी उलटली, ती करपली होती. "रुसली असंल बघ. दोन वर्षं तिच्या ताटात घास नाही. माणूस असतं तर महिन्यात गेलं असतं."

त्या दिवसापासून शर्वरीच्या शब्दाला वजन राहिलं नाही. कंपनीत तिनं बाजूला काढलेलं पोतं कुणीतरी उघडून पेरायला पाठवलं. रिक्षाला हात करून 'ओ दादा' म्हटलं तर रिक्षा दुसऱ्याच बाईपाशी थांबे. दवाखान्यात जाऊन ती खिडकीशी 'कुंदाताई, कुंदाताई' करत उभी राही, आणि कुंदाताई फोनवर लोणच्याची कृती सांगत राहत. हाक मारायची आणि कुणी ओ द्यायची नाही, असा प्रकार सगळीकडे सुरू झाला. आणि इकडं दाढ तर अशी ठणके की उशी दातांखाली धरून बसावं लागे. आरशात तिच्यावरचा काळा ठिपका आता मोहरीएवढा झाला होता.

ज्या सकाळी गाल सुजला त्याच सकाळी डॉक्टरांनी स्वतःहून बोलावलं.

"सापडली," ते म्हणाले. आमच्या दातांच्या डॉक्टरांचा एक ग्रुप आहे, म्हणाले. बार्शीच्या एका डॉक्टरांनी त्यावर एक नवलाचा एक्स-रे टाकलाय. पेशंटच्या तोंडात दात बत्तीस, एक्स-रेत तेहतीस. "हा बघा. शेवटच्या दाढेच्या मागं ऐसपैस बसलीय."

मग त्यांनी शर्वरीचाच जुना एक्स-रे काढला, अक्कलदाढ येत होती तेव्हाचा. त्यात ती दाढ होती. तिची दोन्ही मुळं खाली जाऊन एकमेकांत अडकलेली, मांडी घालून बसल्यासारखी. बार्शीच्या एक्स-रेतली तेहतिसावीही तशीच मांडी घालून बसली होती.

"माणूस ओळखू येईना तरी दातांवरून ओळखतात," डॉक्टर म्हणाले. "ही तुमचीच. आमच्या हिशेबात खालच्या डाव्या पहिल्या दाढेचा नंबरच छत्तीस, म्हणजे छत्तीसचाच आकडा. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं."

"मग त्यांच्या एक्स-रेवरून मोजा की लांबी."

"सुई तुमच्या तोंडात आणि फोटो त्यांच्या तोंडाचा? त्यात सुई दिसेल का?"

डॉक्टरांचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या गोष्टीचा राग जास्त येतो.

"तुम्ही जाऊन घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "आजच्या आज गेलात तर बरं. सूज गळ्याकडं उतरायला लागली तर मला काही न बघताच करावं लागेल, आणि ते मला करायचं नाही."

मायलेकी एसटीनं बार्शीला गेल्या. पत्ता विचारावा लागला नाही. स्टँडसमोरच फ्लेक्स लागला होता: 'तेहतीस दाती श्री. मुकुंदराव देशमाने यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.' फोटोत मुकुंदराव आ करून हसत होते. शर्वरी त्या फ्लेक्सपुढं सुजलेला गाल धरून उभी राहिली आणि तिला वाटलं, आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या लग्नात मांडलेली दिसावी तसं हे आहे.

मुकुंदराव देशमान्यांचं भांड्यांचं दुकान होतं, पण सध्या ते दुकानात बसत नव्हते. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. गळ्यात सत्काराची शाल, शेजारी नारळांचा ढीग. त्यांच्या मागं भिंतीवर तो एक्स-रे चौकटीत लावला होता, पाठीमागं ट्यूब पेटवलेली, वर झेंडूची माळ. पायऱ्यांवर माणसं बसली होती.

"म्हणा, माझी बोअर लागेल," एक जण म्हणाला.

"लागेल," मुकुंदराव म्हणाले. तो माणूस पाया पडून गेला.

शर्वरी पुढं झाली. "काका, ती मागची दाढ माझी आहे."

मुकुंदरावांनी तिच्या गालाकडं पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "अरे अरे, या की. बसा. माहेरचं माणूस आलं म्हणायचं. अहो, पाणी आणा. ताई, तुम्हाला सांगतो, फार गुणाची दाढ आहे. काही त्रास नाही. दुखणं नाही, खुपणं नाही."

"दुखणं माझ्याकडं आहे."

"असंल, असंल. वाटणीत असं होतं."

"मला ती परत न्यायचीय. आजच."

मुकुंदराव पुन्हा बसले. त्यांचा चेहरा खरोखरच दुःखी झाला. "ताई, माझी ना नाही. पण मी तिला बोलावलं नव्हतं. ती आपल्या पायानं आली. पायानं म्हणजे, आली. आलेल्याला जा म्हणायची आमच्यात पद्धत नाही. वडिलांनी कुणाला म्हटलं नाही, मी म्हणणार नाही. हा माझा मावसभाऊ." त्यांनी कोपऱ्यातल्या खाटेकडं हात केला. तिथं एक गृहस्थ भिंतीकडं तोंड करून झोपले होते. "बारशाला आला होता. ज्याचं बारसं होतं तो पोरगा आता कॉलेजात आहे. मी म्हटलंय का एका शब्दानं?"

"नाही म्हटलं," पायरीवरची माणसं म्हणाली.

"मग नुसतं तोंडानं म्हणा, दाढ मिरजेला जाईल," शर्वरी म्हणाली. "तेहतीस दातांचा शब्द. इतक्या लोकांचं म्हणता, माझं म्हणा."

मुकुंदरावांनी मनापासून विचार केला. "ते जा म्हटल्यासारखंच होईल, ताई."

आता मात्र शर्वरीचा तोल गेला. लहानपणापासून तिला कुणी 'हळू बोल' म्हणून वाढवलं नव्हतं, तिचा आवाजच लहान होता. तो तिनं होता तेवढा सगळा बाहेर काढला. "माझा गाल सुजलाय. डॉक्टर मला हात लावत नाहीत. माझं कुणी ऐकत नाही, रिक्षावालासुद्धा. आणि तुम्ही माझ्या दाढेवर नारळ गोळा करताय आणि वर मला रीत शिकवताय?"

"मग रीतीनं घे की बाई," दारातून कुणीतरी म्हणालं.

मुकुंदरावांच्या पत्नी, सुमनकाकू, पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तांब्या शर्वरीच्या आईच्या हातात दिला. "न्यायला आलेलं माणूस कधी घरवाल्याशी भांडतं का? आमच्या नणंदेला न्यायला यायचे तर उंबऱ्याशी उभं राहून तिला हाक मारायचे. ती ओ द्यायची, पिशवी उचलायची, निघायची. आम्ही कोण मधे पडणारे? तुम्ही आल्यापासून ह्यांच्याशीच बोलताय. तिला हाक मारली का एकदा तरी?"

हे कुणाला सुचलं नव्हतं.

"दाढेला हाक मारू?" शर्वरी म्हणाली.

"जिला न्यायचं तिला."

"बरोबर आहे बाईंचं," शर्वरीची आई म्हणाली. "नीट मार. रुसलेल्या माणसाला मारतात तशी."

सुमनकाकू आत गेल्या आणि ओटीचं ताट घेऊन आल्या. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. आली तर रिकामी कशी पाठवायची, म्हणाल्या. मुकुंदरावांनी शाल काढून घडी घातली आणि मांडीवर ठेवली. मग ते बाजूला सरले.

शर्वरी चौकटीसमोर उभी राहिली. ट्यूबच्या उजेडात मुकुंदरावांचे बत्तीस दात ओळीनं पांढरे दिसत होते. त्यांच्या मागं, कडेला, ती मांडी घालून बसली होती. तिच्या अंगावरचा काळा डागही इथं स्पष्ट दिसत होता. आरशात जो मोहरीएवढा होता तो खाली खोल गेला होता, पार तंतूच्या दारापर्यंत. शर्वरीनं तो पहिल्यांदाच पाहिला. म्हणजे तिचं दुखणं खोटं नव्हतं. ती कधीच खोटं बोलत नव्हती.

"ऐकतेस का?" ती म्हणाली.

काही नाही. पायरीवर कुणीतरी खाकरलं. खाटेवरच्या गृहस्थांनी कूस बदलली.

"अगं, निघायचंय," ती म्हणाली. "घरी चल."

काही नाही. नेहमीसारखंच. खिडकीशी उभं राहावं आणि आतलं माणूस फोनवर बोलत राहावं, तसं. गालातून कळ निघून कानापर्यंत गेली आणि शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चौकटीच्या कडेवर हाताची मूठ आपटली. माळेतली फुलं खाली पडली.

"हे काय चाललंय तुझं?" ती म्हणाली. "दुखायला माझ्याकडं आणि मिरवायला देशमान्यांकडं? इथं तुला हार घालतात, आणि तिकडं मी उशी चावत बसते. मी सांगते दाढ दुखते, तर लोक म्हणतात तुझं मनच तसलं. एक तू होतीस माझ्या बाजूनं साक्ष द्यायला. तूच उठून गेलीस? रुसायचं होतं तर तोंडात बसून रुसायचं. घास नाही दिला ते खरं. पण गार पाणी लागलं तेव्हा कुणी विचारलं होतं मला, काय झालं म्हणून? तू विचारलंस? मला डॉक्टर तुझ्याशिवाय हात लावत नाहीत. मी एकटी तिथं उभी राहिले तर कुणी हिशेबात धरतच नाही मला. ऊठ. ऊठ आधी तिथून. ए छत्तीस! ओ दे!"

शेवटचं वाक्य इतक्या मोठ्यानं निघालं की ओट्याखालची कोंबडी उडाली. शर्वरीची आई दचकली. मुकुंदराव दचकले. इतकी वर्षं न उठलेले मावसभाऊ खाटेवर उठून बसले आणि विचारू लागले, निघायचं का.

एकटी शर्वरी दचकली नाही. मूठ चौकटीवर तशीच ठेवून ती बघत राहिली. उजेडात मागच्या बाजूला, मांडी घालून बसलेल्या त्या दोन मुळांपैकी एक सावकाश सुटलं, मग दुसरं.

"ओ," चौकटीतून आवाज आला. आवाज जरा घोगरा होता, बऱ्याच दिवसांत काही खाल्लं नसावं तसा. "ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला."